वाळीत पडलेल्यांची भजने

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, घेणाऱ्यास बहुधा वाळीत टाकले जाई. आणि वाळीत पडणे म्हणजे माणसांतून उठून जाणे नव्हे, तर माणसांतच राहून पंगतीला, पाणवठ्याला, लग्नकार्याला आणि मर्तिकाला कोणाच्या खिजगणतीत नसणे होय. सरकारने या दुःखाची दखल कायद्यापुरती घेतली. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला आणि १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने नांदत नसल्यास, ख्रिस्ती झालेल्यास विवाह मोडून मागण्याची वाट दिली. जमिनीचा वाटा न्यायालयातून मिळू शकत होता. घरच्यांची हाक तिथून मिळणारी नव्हती.

१८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात काम सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनने अशा लोकांना आसरा, शाळा आणि काम दिले, हे उपकार मोठेच होते. तथापि उपासनेतील गीते पुष्कळदा परदेशी चालींवर बसवलेली असत, त्यामुळे गावाने परके मानलेला माणूस देवळातही थोडा परकाच राही. ही उणीव कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या अहमदनगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी ओळखली. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात ते पटवून देणारे आख्यान असते. या जुन्या चौकटीत त्यांनी बायबलातील कथा आणल्या. टाळ-मृदंगाच्या साथीने उधळ्या पुत्राचे आख्यान ऐकणाऱ्याला, मुलाला लांबूनच ओळखून धावत सुटलेला बाप आपल्याच बोलीत भेटू लागला.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या घरात हा एकाकीपणा दोन्ही बाजूंनी भोगला गेला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांत राहिल्या. भोवती माणसे होती, पण नवरा जिवंत असून संसार नाही, अशा बाईला समाजात जागाच नव्हती. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, तरी आपले सोवळे, म्हणजे स्वयंपाकपाण्याची शुद्धी, त्यांनी सांभाळली. ही ओढाताण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कोणावरही राग न धरता सांगितली आहे, आणि मराठी ख्रिस्ती जीवनाचा त्याच्याइतका खरा दस्तऐवज दुसरा क्वचितच असेल. जातिभेद मनातून पुरता गळाल्यावर १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून दीक्षा घेतली.

टिळकांच्या ख्रिस्ती काव्याचे बळ या भोगलेल्या विरहात आहे. ज्या तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत, त्यांचाच अभंग त्यांनी हाती घेतला आणि ख्रिस्ताला माउली म्हटले. आप्त तुटलेल्या माणसाला सिद्धांतापेक्षा आपल्याला ओळखणाऱ्या आईची गरज अधिक असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. घर आणि ख्रिस्ती मंडळी यांच्या मधोमध अडकलेल्या, दोन्हीकडून न मोजल्या गेलेल्या माणसांचा असा विचार त्यांच्या काळात फारच थोड्यांनी केला. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. त्यांची भजने मात्र ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायली जातात.