धीर देणारे हात : धर्मशिक्षण वर्गासाठी हस्तकला

जून महिन्यात शाळांपाठोपाठ धर्मग्रामांतील धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू होतात आणि त्याच सुमारास, ११ जून रोजी, ख्रिस्तसभा संत बर्णबा ह्यांचा स्मरणदिन पाळते. मुलांना ख्रिस्ती प्रेमाची आणि एकमेकांस धीर देण्याची शिकवण द्यायची असेल, तर वर्षारंभाला ह्याहून योग्य सोबती मिळणे कठीण. प्रस्तुत लेखात आम्ही वर्गात करता येण्याजोग्या काही हस्तकलांची माहिती देत आहोत. ती प्रामुख्याने धर्मशिक्षक, धर्मभगिनी आणि पालक ह्यांच्यासाठी आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात कुप्र बेटातील योसेफ नावाच्या एका लेव्याची ओळख होते. प्रेषितांनी त्याचे नाव बर्णबा ठेवले आणि आपल्या जुन्या मराठी बायबलमध्ये त्याचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिलेला आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेसिस’ हा आहे. जवळ बोलावणे, विनवणे, बोध करणे, सांत्वन करणे आणि धीर देणे ह्या सर्व छटा त्यात सामावल्या आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी योजलेला आणि मराठीत ‘कैवारी’ असा आलेला शब्दही त्याच कुळातला. म्हणजे धीर देणे हे केवळ गोड बोलणे नव्हे. ज्याचे पाय डगमगत आहेत त्याच्या बाजूस जाऊन उभे राहणे होय.

बर्णबा तसाच उभा राहिला. धर्मांतरानंतर यरुशलेममध्ये आलेल्या शौलाची सर्वांना भीती वाटत होती, तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. पुढे योहान मार्क पंफुल्यात सोबत सोडून परत गेला, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर घेण्यास तयार होईना. त्यावरून दोघांत एवढा तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. त्याच मार्काविषयी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, तो सेवेसाठी उपयोगी असल्याचे आपण वाचतो. एकदा चुकलेल्या मुलाला दुसरी संधी देणारा कोणी तरी लागतो, हे मुलांना ह्या कथेतून चटकन कळते, कारण ‘तुला खेळात घेणार नाही’ हे वाक्य त्यांनी स्वतः ऐकलेले असते आणि उच्चारलेलेही असते.

ह्यावरून हस्तकलेसाठी आम्ही एकच कसोटी सुचवू : तयार होणारी वस्तू कोणाच्या हाती पडणार आहे, हे आधी ठरवावे आणि मगच कागद हाती घ्यावा. पुष्कळ वर्गांत लाल कागदाची बदामे कापली जातात, त्यांवर ‘प्रेम’ हा शब्द लिहिला जातो आणि ती भिंतीवर लावली जातात. भिंत सुंदर दिसते हे खरे. परंतु भिंतीला धीर देण्याची गरज नसते.

चार दोऱ्यांची बाज

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी उचलून आणलेल्या पक्षाघाती माणसाची कथा आहे. ती शिकवण्यासाठी आम्हाला माहीत असलेल्या हस्तकलांपैकी ही सर्वांत गुणकारी. म्हणून तिचे वर्णन सविस्तर करतो.

बुटांचा एक रिकामा खोका घ्यावा, झाकण बाजूला ठेवावे. हे कफर्णहूमचे घर. एका बाजूस दार कापावे आणि दारात कागदी माणसांची दाटी करावी. उघड्या तोंडावर आइस्क्रीमच्या काड्या आडव्या ठेवून त्यांवर वाळलेले गवत पसरावे. त्या प्रदेशातील साधी घरे सपाट छपराची असत. तुळयांवर फांद्या-काटक्या आणि त्यांवर मातीचा थर, बाहेरून वर जायला पायऱ्या. म्हणूनच मार्क छप्पर उकरल्याचे सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात मात्र कौलांचा उल्लेख आहे. आपल्याकडे कौलारू घरे पाहिलेली मुले हा फरक नेमका विचारतात, तेव्हा शिक्षकाने तो टाळू नये. दोन्ही वृत्तांत वाचून दाखवावेत.

आता काडेपेटीचा आतला कप्पा घ्यावा, ती बाज. त्याच्या चार कोपऱ्यांना शिक्षकाने जाड सुईने भोके पाडावीत आणि सारख्या लांबीचे, सुमारे ४० सेंटिमीटरचे, चार दोरे बांधावेत. कापडाच्या चिंधीचा लहानसा बाहुला करून बाजेवर निजवावा. मधल्या काड्या काढून छपराला भगदाड पाडावे. चार मुलांनी चार बाजूंना उभे राहून, प्रत्येकाने एक दोरा धरून, बाज हळूहळू खाली सोडावी.

पहिल्या खेपेस बाहुला बहुधा पडतो. कोणी घाई करतो, कोणी दोरा आखडून धरतो. बाज कलंडते. मग मुले आपोआपच एकमेकांना ‘थांब’, ‘सोड’, ‘सांभाळ’ असे सांगू लागतात. शिक्षकाने ह्या वेळी गप्प राहावे. बाज सुखरूप खाली पोहोचल्यावर एकच प्रश्न विचारावा : येशूने कोणाचा विश्वास पाहिला असे मार्क सांगतो? बहुतेक मुले ‘आजारी माणसाचा’ असे उत्तर देतील. उताऱ्यात तर ‘त्यांचा’ असे अनेकवचन आहे. आणणाऱ्यांचाही विश्वास गणला गेला, हे मुलांच्या ध्यानात येते तेव्हा दोरा अजून त्यांच्या हातातच असतो.

येथे एक पथ्य पाळावे. वर्गात दिव्यांग मूल असल्यास त्याच्याकडे बोट दाखवून बाहुल्याशी तुलना होणार नाही ह्याची काळजी घ्यावी आणि त्याच्या हाती हटकून दोरा द्यावा. आपण नेहमी मदत घेणारेच आहोत, हे ओझे अशा मुलांवर आधीच पुष्कळ असते.

बर्णबाचे पाकीट

ह्या हस्तकलेत वस्तू सोपी आणि मजकूर अवघड. गेल्या वर्षीच्या भिंतीवरील कॅलेंडरचे पान घेऊन त्याचे पाकीट घडवावे. जाड कागद घडीला चांगला बसतो. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरेशी आहे. पुस्तक बांधणारे कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने मुलांच्या वर्गात त्याचा वापर मुळीच करू नये. खळ त्या दिवसापुरतीच शिजवावी, विशेषतः पावसाळ्यात, कारण ती लवकर आंबते.

प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलून निघालेल्या नावाच्या सोबत्यास तीन-चार ओळींचे पत्र लिहावे. ‘तू फार चांगला आहेस’ हे वाक्य वर्ज्य ठेवावे. ते खोटे असते असे नव्हे. ते कोणालाही लिहिता येते, म्हणून वाचणाऱ्याला त्यात आपण सापडत नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट लिहावी : तू माझी छत्री धरलीस, तू चुकलास तरी वाचन पूर्ण केलेस, तुझ्या आजीला तू हात देऊन वेदीपर्यंत आणलेस. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याकडे आठवडाभर लक्ष द्यावे लागते. खरी हस्तकला तीच. पाकीट हे निमित्त. म्हणून नावे एका रविवारी द्यावीत आणि पत्रे पुढच्या रविवारी लिहून घ्यावीत.

पत्रे वाटण्यापूर्वी शिक्षकाने सर्व वाचावीत. कोणाची चेष्टा असेल तर ती तेथेच थांबते. नावे मोजून घ्यावीत. जो त्या दिवशी गैरहजर असेल त्याचेही पाकीट असलेच पाहिजे. मुलांनी आपापल्या मर्जीने कोणालाही लिहावे असे सांगितले तर चार आवडत्या मुलांना दहा-दहा पत्रे मिळतात आणि मागच्या बाकावर बसणारे एखादे मूल रिकाम्या हाताने घरी जाते. ज्या मुलाला धीराची सर्वाधिक गरज, त्यालाच वगळले गेल्यास तो दिवस घडलाच नसता तर बरे झाले असते.

तेरेजाचे मणी

लिझ्यूची संत तेरेजा २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसोन येथे जन्मली. तिची आई झेली ही सुईने विणल्या जाणाऱ्या प्रसिद्ध आलाँसोन लेसचा व्यवसाय करीत असे. ते लेसकाम २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आले आणि झेली व तिचे पती लुई ह्यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद जाहीर झाले. त्या घरात मुलींना मण्यांची एक माळ मिळत असे. लहानशी तेरेजाही ती खिशात बाळगी आणि स्वतःची इच्छा बाजूला सारून एखादे सत्कृत्य केले की एक मणी पुढे सरकवी. थोरली बहीण मारी हिने तिला ही माळ दिल्याचे आईच्या पत्रावरून कळते.

माळ करणे सोपे आहे. मोठ्या भोकाचे १० मणी आणि सुमारे ७० सेंटिमीटर जाडसर दोरी घ्यावी. दोरी दुमडून मधोमध एक पदक अडकवावे. आता दोरीची दोन्ही टोके प्रत्येक मण्यातून परस्परविरुद्ध दिशांनी ओवावीत, एक डावीकडून आणि दुसरे उजवीकडून. दहाही मणी झाल्यावर थोडी मोकळी जागा सोडून शेवटी क्रूस बांधावा. विरुद्ध ओवल्यामुळे मणी घट्ट राहतो. ओढला तर सरकतो आणि सोडला की तेथेच थांबतो. दोरी बारीक घेतल्यास सर्व मणी घसरतात, तेव्हा आधी एका मण्यावर करून पाहावे. अगदी लहान मुलांच्या वर्गात मणी तोंडात जाण्याची भीती असते. त्यांच्यासाठी ही कृती ठेवू नये.

माळ खिशात असते, गळ्यात नव्हे, हे महत्त्वाचे. रविवारी वर्गात ‘कोणाचे किती मणी झाले’ असे विचारू नये. विचारले की दुसऱ्या आठवड्यापासून आकडे वाढतात आणि सत्कृत्ये घटतात. दहा मणी पूर्ण झाल्यास बक्षीस देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. आमच्या मते तिने माळेचा सगळा अर्थच नाहीसा होतो. हा उपक्रम १ ऑक्टोबरच्या, म्हणजे तेरेजाच्या सणाच्या, आसपास घ्यावा.

झावळीचा क्रूस

झावळ्यांच्या रविवारी माडाच्या पात्यांचे क्रूस वळण्याची कला आपल्या आज्या-आजोबांना अवगत आहे. ती मुलांना त्यांच्याकडूनच शिकवावी. शिक्षकाने पुस्तकातून शिकवू नये. पाते ताजे असावे आणि मधला हीर आधी सोलून काढावा, नाहीतर घडी तुटते. वळलेले क्रूस, जे आजारपणामुळे मिस्सेला येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोहोचवावेत. मुलांसोबत एखादे वडीलधारे असावे. पुढील वर्षी राखेच्या बुधवारपूर्वी मुले तेच वाळलेले क्रूस परत आणायला जातात, कारण त्यांचीच राख होते. अशा रीतीने एका घरी वर्षातून दोनदा जाणे घडते. आजारी माणसाला क्रूसाहून त्या दुसऱ्या भेटीचे अप्रूप अधिक वाटते, असे आम्ही पाहिले आहे.

वर्षातील आणखी दोन दिवस ह्या दृष्टीने सोयीचे आहेत : ११ फेब्रुवारीचा जागतिक रुग्णदिन आणि जुलैचा चौथा रविवार, जो पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ पासून आजी-आजोबा व वृद्धांसाठी जागतिक दिन म्हणून ठरविला. संत योआकिम व संत अॅना ह्यांचा २६ जुलैचा सण त्याच सुमारास येतो.

काही सूचना

स्पर्धा आणि क्रमांक ठेवू नयेत. तसे झाले की वस्तू घरी आई-वडील रात्री जागून करतात आणि मूल ती केवळ वाहून आणते. महागडे तयार संच विकत आणण्याचीही गरज नाही. ज्या घरात ते परवडत नाहीत त्या घरातील मूल पुढच्या रविवारी वर्गाला येत नाही. ‘बाबांसाठी कार्ड’ किंवा ‘आईसाठी कार्ड’ करवून घेताना, ज्या मुलाचे वडील वारले आहेत, परगावी आहेत वा घर सोडून गेले आहेत, त्याचा विचार आधी करावा. ‘मला सांभाळणाऱ्या माणसासाठी’ एवढे म्हटले तरी पुरते. मुलांनी लिहिलेल्या पत्रांची छायाचित्रे मोबाइलच्या गटांवर टाकू नयेत. ती पत्रे ज्यांना लिहिली त्यांची आहेत.

एका कृतीसाठी साधारण ४० मिनिटे धरावीत. त्यांतील पहिली १० मिनिटे शास्त्रपाठाच्या वाचनाला द्यावीत आणि कात्र्या त्यानंतरच वाटाव्यात, कारण हातात कात्री आली की मुलांचे कान बंद होतात. उरलेले कागद व पाती मुलांनीच उचलून वर्ग झाडून जावे.