सही खरी, गाठोडं खोटं

मागच्या महिन्यात हापिसात एक फजिती झाली. माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. क्लायंटला सोर्सकोड द्यायचा होता आणि करारानुसार त्यावर डिजिटल सही हवी होती. शुक्रवारची संध्याकाळ, बस सुटायला वीस मिनिटं. मी लॅपटॉपवरचा फोल्डर उचलला, त्याचा टार केला, जीपीजीने सही ठोकली आणि दिला पाठवून. सोमवारी तिकडून फोन. "सही बरोबर आहे हो, पण लॉगिनमधली ही एक ओळ तुमच्या गिटमध्ये कुठे सापडत नाही."

सापडणार कशी? पासवर्डची तपासणी टाळणारी ती ओळ मी टेस्टिंगपुरती घातली होती. कमिट केलेली नव्हती, पण फोल्डरमध्ये होती. आणि तिच्यावर माझी खणखणीत, शंभर टक्के खरी सही!

त्या वीकांताला सिनेमा वगैरे रद्द करून जुनी प्रकरणं उकरत बसलो. म्हटलं, आपल्याआधी कोण कोण पडलंय ते तरी बघू.

तर मंडळी, गिट यायच्या आधीपासून सोर्सकोड लोकांपर्यंत पोचायचा तो टारबॉलमधून. फाइलींचं एक गाठोडं, जीझिपने आवळलेलं, एफटीपी सर्व्हरवर ठेवलेलं. रिपॉझिटरी आत माजघरात आणि गाठोडं बाहेर ओसरीवर. चोर अर्थातच ओसरीवर यायचा. जुलै २००२ च्या अखेरीस ओपनबीएसडीच्या एफटीपी सर्व्हरवरचा ओपनएसएसएच ३.४पी१ चा टारबॉल कुणीतरी बदलला. तो बिल्ड करताना आतला एक तुकडा गुपचूप चालायचा आणि बाहेरच्या एका मशीनशी संपर्क साधायचा. रिपॉझिटरीला मात्र धक्काही लागलेला नव्हता. १ ऑगस्टला हे उघड झालं, ते फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये नोंदवलेला चेकसम जुळेना म्हणून. जे लोक सही तपासत होते त्यांना काही भीती नव्हती, कारण चोराकडे किल्ली नव्हती. (किती लोक तपासत होते हा प्रश्न विचारू नका. मीही तपासत नाही. नव्हतो.)

दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर २००३ मध्ये, चोर माजघराच्या दारापर्यंत आला. लिनक्स कर्नलचं मुख्य काम तेव्हा बिटकीपरवर चालायचं आणि सोयीसाठी त्याची एक सीव्हीएस प्रत ठेवलेली असायची. त्या प्रतीत दोन ओळी घुसल्या. दोन बरोबरच्या खुणांऐवजी एकच खूण, म्हणजे 'युजर रूट आहे का' हे तपासण्याऐवजी त्याला थेट रूटच करून टाकायचं! मुख्य रिपॉझिटरीत तो बदल नाही हे ताडून पाहताना लक्षात आलं. ताडून पाहताना, हे महत्त्वाचं.

आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वात शिकण्यासारखं प्रकरण, कर्नल डॉट ऑर्गचं. ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या सर्व्हरांवर कुणीतरी रूट मिळवल्याचं लक्षात आलं. साइट महिनाभराहून जास्त बंद राहिली, लिनसने तात्पुरतं बिऱ्हाड गिटहबवर हलवलं. गिटमधल्या इतिहासाची फारशी चिंता नव्हती. प्रत्येक कमिटचं नाव म्हणजे त्यातल्या मजकुराचा आणि आधीच्या कमिटचा मिळून हॅश, आणि जगभर हजारो प्रती. मागचं एक अक्षर बदललं तरी पुढची सगळी नावं बदलतात. पण टारबॉलांचं काय? त्यांच्यावरच्या सह्या तोवर सर्व्हरच आपोआप करायचा. किल्ली कुलपालाच लटकवलेली! सर्व्हर फुटला की त्या सहीला अर्थ काय उरला?

नंतर त्यांनी जी पद्धत बसवली तिच्यावर मी फिदा आहे. मेंटेनर आपल्या मशीनवर, सही केलेल्या टॅगवरून 'गिट आर्काइव्ह'ने टार बनवतो, त्यावर स्वतःच्या किल्लीने सही करतो आणि सर्व्हरला फक्त ती सही पाठवतो. टार पाठवतच नाही. सर्व्हर त्याच टॅगवरून स्वतः टार बनवतो आणि सही त्याला लागू पडते का बघतो. 'गिट आर्काइव्ह' फाइलींवर वेळ घालतो ती कमिटची, आजची नव्हे, त्यामुळे दोन्हीकडचे टार बाइट न् बाइट सारखे येतात. सही जुळली, तर गाठोडं रिपॉझिटरीतूनच आलंय हे आपोआप सिद्ध होतं. शिवाय सही न आवळलेल्या टारवर असते. मग तो जीझिपने आवळा नाहीतर एक्सझेडने, सही तीच चालते.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण ३० जानेवारी २०२३ ला गिटहबने नव्या गिटसोबत जीझिप करण्याची पद्धत बदलली आणि आपोआप बनणाऱ्या सगळ्या टारबॉलांचे चेकसम बदलले. आतलं एक अक्षर बदललेलं नव्हतं, फक्त आवळणं वेगळं. तरी जगभरचे बिल्ड लाल झाले आणि गिटहबला त्याच दिवशी माघार घ्यावी लागली.

आणि मग २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली. (अर्धा सेकंद! आपण पेज उघडेस्तोवर चहा पिऊन येतो.) शोधत गेला तो एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मधल्या चोरदरवाजापाशी पोचला. 'जिया टान' या नावाने कुणीतरी दोन-तीन वर्षं इमानेइतबारे पॅचेस पाठवून मेंटेनर झालं होतं आणि टारबॉलवर सही त्याच नावाची होती. अस्सल सही! चोरदरवाजाचा माल टेस्टसाठीच्या बायनरी फाइली म्हणून गिटमध्येच होता, पण तो उघडणारी बिल्ड स्क्रिप्टमधली मॅक्रो फाइल होती फक्त टारबॉलमध्ये. ऑटोटूल्सच्या टारबॉलमध्ये गिटमध्ये नसलेल्या जनरेट केलेल्या फाइली असायच्याच, म्हणून एक जास्तीची कुणाला खटकली नाही.

२००२ चा चोर बाहेरचा होता, तिथे सही पुरली असती. २०२४ ला सही करणाराच चोर. माझ्या बाबतीत सही करणारा चोर नव्हता, नुसता गबाळा होता. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? दोन्हीकडे सही खरी आणि गाठोडं रिपॉझिटरीशी न जुळणारं.

असो. आता आमच्याकडे स्क्रिप्ट आहे. आधी टॅगची सही तपासायची, मग फक्त टॅगवरूनच टार, तोही दोघांनी आपापल्या मशीनवर बनवायचा आणि हॅश जुळले तरच सही. परवा पहिल्यांदा चालवली. हॅश जुळेनात. अर्धा तास डोकं खाजवलं. शेजारच्या टेबलावरची सहकारी विंडोजवर आहे आणि तिच्या गिटमध्ये ऑटोसीआरएलएफ चालू होतं, त्यामुळे तिच्या टारमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्त. ते बंद करून पुन्हा चालवलं. दोन्ही हॅश तिने मोठ्याने वाचले, मी बोट ठेवून ताडले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग सही केली. बस तोवर गेलेली होती.