देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण (पु. ल.)

(८ नोव्हेंबर १९१९ – १२ जून २०००). मराठी विनोदी लेखक, नाटककार, एकपात्री कलावंत, संगीतकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि नभोवाणी व दूरचित्रवाणीचे निर्माते. महाराष्ट्र त्यांना ‘पु. ल.’ या दोन अक्षरांनी ओळखतो, जवळचे लोक ‘भाई’ म्हणत. एका माणसाने इतक्या क्षेत्रांत काम केल्याची उदाहरणे मराठीत फार थोडी आहेत, आणि त्या सगळ्या क्षेत्रांत रसिकांनी त्याला आपले मानल्याची तर त्याहून थोडी. या वैविध्यामागे एक समान सूत्र आहे. पु. लं.चे बहुतेक सारे काम कानाशी बांधलेले आहे. त्यांनी सूर ऐकले, माणसांच्या बोलण्याच्या लकबी ऐकल्या आणि लिहितानाही ऐकणारा समोर धरला.

घडण

पु. लं.चा जन्म मुंबईत गावदेवी भागात झाला. बालपण जोगेश्वरीत आणि पुढे पार्ल्यात गेले. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ त्यांनी अभंगरूपाने मराठीत आणली होती. घरात पुस्तके होती, गाणे होते आणि गप्पांची हौस होती. लहानपणीच त्यांचा हात पेटीवर बसला. भास्कर संगीतालयाचे दत्तोपंत राजोपाध्ये हे त्यांचे पेटीतले गुरू. पुढे अनेक मोठ्या गायकांच्या मैफलींत पु. ल. हौसेने साथीला बसत.

जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज, पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन अशी महाविद्यालये करीत ते एम. ए. झाले. कायद्याची पदवीही घेतली. पोटापाण्यासाठी शाळेत शिकवले, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात प्राध्यापकी केली. बेळगावच्या मुक्कामाने त्यांना ‘रावसाहेब’ दिले. नाटकवेडा, शिवराळ आणि मनाने लोण्यासारखा मऊ असलेला हा थिएटरमालक पु. लं.च्या ‘गणगोत’ या पुस्तकात त्याच्या कानडी वळणाच्या मराठीसकट उभा आहे.

१९४६ साली रत्नागिरीत सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनीताबाई स्वतः समर्थ लेखिका होत्या. त्यांचे ‘आहे मनोहर तरी’ हे आत्मकथन मराठीतल्या महत्त्वाच्या पुस्तकांत गणले जाते. पु. लं.च्या प्रयोगांची शिस्त, व्यवहार आणि दानधर्माचा हिशेब ही सारी घडी सुनीताबाईंनी बसवली.

चित्रपट आणि संगीत

पु. लं.चे पडद्यावरचे पहिले पाऊल १९४७ सालच्या ‘कुबेर’ चित्रपटात पडले. पुढल्या सहा-सात वर्षांत त्यांनी अभिनय, पटकथा, संवाद आणि संगीत अशी पडेल ती जबाबदारी घेतली. ‘वंदे मातरम्’, ‘नवरा बायको’, ‘पुढचं पाऊल’, ‘दूधभाकर’, ‘देवबाप्पा’ ही त्या काळातली नावे. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सगळे त्यांचेच होते. ‘सबकुछ पु. ल.’ हे शब्द तेव्हापासून रूढ झाले.

याच चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि भीमसेन जोशींनी गायलेले ‘इंद्रायणी काठी’ पु. लं.नी स्वरबद्ध केले. ‘देवबाप्पा’तले आशा भोसले यांचे ‘नाच रे मोरा’ हे बालगीतही त्यांचेच. एक गाणे अभंगाच्या भावाने भरलेले, दुसरे बालवाडीतल्या पोरांच्या तोंडी रुळलेले, आणि दोन्हींना चाल लावणारा एकच माणूस! भावगीतांत जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातली ‘शब्दावाचुन कळले सारे’ आणि ‘माझे जीवन गाणे’ ही मंगेश पाडगांवकरांची गीतेही त्यांच्याच चालींनी लोकांपर्यंत पोहोचली. विनोदकार म्हणून नाव गाजले नसते, तरी संगीतकार म्हणून पु. ल. स्मरणात राहिले असते.

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी

माइकशी पु. लं.चे नाते विद्यार्थिदशेतले. १९३७ पासून ते मुंबई नभोवाणीवरच्या छोट्या नाटिकांत भाग घेऊ लागले. अनंत काणेकरांच्या ‘पैजार’ या श्रुतिकेत त्यांनी काम केले होते. १९५५ मध्ये ते आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले आणि पुणे, मुंबई, दिल्ली अशा ठिकाणी त्यांनी काम केले.

रेडिओने लेखक पु. लं.ना काय दिले, हे त्यांची व्यक्तिचित्रे ऐकताना कळते. श्रुतिकेत पात्राला चेहरा नसतो. पोशाख दाखवता येत नाही, डोळे मिचकावता येत नाहीत. माणूस ओळखायचा तो बोलण्यावरून. ‘व्यक्ती आणि वल्ली’तली माणसे नेमकी तशीच ओळखू येतात. सखाराम गटणे पुस्तकी मराठीत बोलतो आणि त्या छापील वाक्यांतून त्याचे कोवळे, गोंधळलेले वय दिसते. रत्नागिरीचा अंतू बर्वा तिरकस, तुटक बोलतो, आणि त्या तिरकसपणाखाली म्हातारपणाचा एकटेपणा जाणवतो. पेस्टनकाकांच्या मराठीला पारशी वळण आहे. हरितात्या शिवाजी महाराजांच्या काळातले प्रसंग असे सांगतात, की जणू ते स्वतः तिथे हजर होते. नावे झाकून नुसते संवाद वाचले, तरी कोण बोलतो आहे ते सांगता येते. या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी पु. ल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनला बी. बी. सी.मध्ये गेले. पी. जी. वुडहाउसचा देश आणि चार्ली चॅप्लिनचे जन्मगाव त्यांना जवळून पाहता आले. दोघेही पु. लं.चे लाडके. ब्रिटनमध्ये विनोदी लेखकाने रेडिओवर बोलावे, रंगमंचावर उभे राहावे, नाटक लिहावे आणि वर्तमानपत्रात सदरही चालवावे, यात कुणाला वावगे वाटत नसे. महाराष्ट्रात ही वाट पु. लं.नी रुंद केली. या प्रवासातून ‘अपूर्वाई’ (१९६०) हे प्रवासवर्णन आले. निघण्यापूर्वीची घरची धांदल, सल्ले देणारे शेजारीपाजारी आणि परदेशात गेल्यावरचे भाबडे कुतूहल, हे सगळे मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या नजरेने लिहिलेले होते. परदेशी जाणे ही तेव्हा मोजक्या लोकांची गोष्ट होती, त्यामुळे हजारो वाचकांनी विलायत पाहिली ती या पुस्तकातूनच. ‘पूर्वरंग’, ‘जावे त्यांच्या देशा’ आणि बंगालच्या मुक्कामावरचे ‘वंगचित्रे’ ही त्यापुढची प्रवासपुस्तके. बंगाली शिकायचे म्हणून पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन राहणारा हा लेखक होता.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतीय दूरचित्रवाणी सुरू झाली. तिच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. पंडित जवाहरलाल नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याकडे जातो.

रंगभूमी

‘तुका म्हणे आता’ (१९४८) हे त्यांचे पहिले नाटक. गोगोलच्या नाटकावरून ‘अंमलदार’ आले, पण पु. लं.ची खरी नाममुद्रा उमटली ती ‘तुझे आहे तुजपाशी’त (१९५७). इंदूरच्या वाड्यातले रसिक काकाजी आणि त्यागाचा आग्रह धरणारे आचार्य यांचा सामना हा या नाटकाचा गाभा. नाटककाराचा जीव काकाजींवर आहे हे लपत नाही, पण आचार्यांना त्याने तोंडघशी पाडून सोडून दिलेले नाही. शेवटाकडे त्यांच्या मनातली पोकळीही दिसते.

‘ती फुलराणी’ (१९७५) हे बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे मराठी रूप. लंडनच्या रस्त्यावरची बोली आणि उच्चभ्रूंचे उच्चार यांतला झगडा मराठीत आणणे हे अवघड काम. पु. लं.नी भाषांतराचा मार्ग सोडला आणि मराठीतल्याच प्रमाणभाषेचा व बोलीचा झगडा उभा केला. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक अशोक जहागीरदार मराठी रंगभूमीवर अजरामर झाले. ब्रेख्तच्या नाटकावरून त्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले. गद्यात हेमिंग्वेची कादंबरी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली.

एकट्याने उभे राहून तीन तास रंगवण्याचा प्रकार त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ने रुजवला. पुस्तक १९५८ चे, रंगमंचावर ते १९६१ मध्ये आले. सजावट जवळजवळ नाहीच. एकच माणूस बोलतो, आणि त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे असे सगळे बिऱ्हाडकरू एकेक करून प्रेक्षकांसमोर येतात. वजन कमी करण्यासाठी धरलेला उपास आणि त्यावर चाळकऱ्यांनी दिलेले सल्ले हा प्रसंग तर घराघरांत पाठ आहे. प्रेक्षक हसत हसत शेवटाला येतात आणि तिथे चाळीचे चिंतन सुरू होते. एकमेकांच्या घरात डोकावणारे, भांडणारे आणि अडीअडचणीला धावून येणारे जग आता मोडते आहे, हे ते थेट सांगते. त्यानंतर ‘असा मी असामी’ हा एकपात्री प्रयोग आणि ‘वाऱ्यावरची वरात’ हा बहुरंगी कार्यक्रम आला.

विदर्भाशी नाते

पु. लं.ना मुंबई-पुण्याचा लेखक ठरवणे अपुरे आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’त भैया नागपूरकर आहे. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांपैकी आपल्याला कोण व्हायचे आहे, असे विचारत तिन्ही शहरांच्या स्वभावांवर फिरणारा त्यांचा लेख नागपूरकरांनीही आनंदाने डोक्यावर घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाशी पु. ल. आणि सुनीताबाई यांचा जिव्हाळ्याचा ऋणानुबंध होता.

विदर्भातल्या लोकरंगभूमीशीही त्यांच्या विनोदाचे नाते जुळते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र नाटके चालतात. दंडार आणि खडीगंमत या तिथल्या जुन्या लोककला. सोंगाड्याने ऐनवेळी सुचलेल्या कोटीने मांडव हसवायचा, गावातल्या माणसाची नक्कल करायची आणि जाता जाता कारभाऱ्याला चिमटा काढायचा, ही तिथली रीत. पु. लं.नी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिलेले ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच जातकुळीचे. शहरी मध्यमवर्गाचा म्हणून ओळखला जाणारा हा लेखक तमाशा, वग आणि सोंग यांचा अभ्यासक आणि चाहता होता. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एन. सी. पी. ए.) मानद संचालक असताना त्यांनी जुन्या कलावंतांची कला ध्वनिमुद्रित करून ठेवण्याला महत्त्व दिले.

सार्वजनिक भूमिका आणि दान

१९७४ साली इचलकरंजीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. प्रचाराच्या व्यासपीठावर उभे राहिले. हशा पिकवणारा हा माणूस लोकशाहीच्या बाजूने तितक्याच पोटतिडकीने बोलला, आणि सत्तापालट झाल्यावर कुठलेही पद न घेता आपल्या लिहिण्याकडे परतला. १९९६ साली पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हाही लोकशाहीबद्दलची आपली मते त्यांनी बोलून दाखवली आणि त्यावरून उठलेला वाद सोसला.

लेखन आणि प्रयोगांतून मिळालेला पैसा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत समाजकार्याकडे वळला. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात प्रतिष्ठानच्या देणगीच्या बळावर झाली. देणगी द्यायची पण तिचा गाजावाजा करायचा नाही, हा पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांचा दंडक होता. बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे दोघांनी मिळून केलेले जाहीर वाचन हाही त्यांच्या आयुष्यातला मोलाचा भाग. कविता मोठ्याने, सावकाश आणि समजून कशी वाचावी, हे अनेक रसिक त्या कार्यक्रमांतून शिकले.

मान-सन्मान आणि वारसा

पद्मश्री (१९६६), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६७), कालिदास सन्मान (१९८७) आणि पद्मभूषण (१९९०) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता. मुंबईत प्रभादेवीची राज्य शासनाची कला अकादमी आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे जपानी धर्तीचे उद्यान त्यांच्या नावाने आहे. त्यांच्या जीवनावर महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला.

त्यांच्या लेखनातला काही भाग आज जुना वाटतो. ट्राम गेली, चाळी पाडून टॉवर उभे राहिले आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या चितळे मास्तरांसारखे शिक्षक विरळ झाले. तरीही ध्वनिफितींतला त्यांचा आवाज मुंबईच्या लोकलपासून गोंदियातल्या घरापर्यंत ऐकला जातो, कारण त्यातली माणसे अजून भोवताली भेटतात. पु. ल. पहिल्यांदाच वाचू इच्छिणाऱ्याने आधी त्यांच्या आवाजातले ‘अंतू बर्वा’ किंवा ‘रावसाहेब’ ऐकावे, मग पुस्तक हातात घ्यावे. त्यांचे लेखन कशाच्या बळावर टिकले, ते तिथे स्पष्ट ऐकू येते.