व्हेपिंग आणि अन्नातील निकोटिन

व्हेपिंग आणि अन्नातील निकोटिन : स्वयंपाक करताना ई-सिगारेट (व्हेप) ओढली तर तिच्यातले निकोटिन अन्नात उतरते का, हा प्रश्न. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना तो नवा वाटणार नाही. दोड्डतोगूर, कोनप्पन अग्रहार भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओटा एकच असतो. ओढणारा एक, जेवणारे चार.

ज्याला वाफ म्हणतात ते खरे तर प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व निकोटिन यांच्या सूक्ष्म थेंबांचे धुके. झुरक्यातले बहुतेक निकोटिन ओढणाऱ्याच्या शरीरातच राहते. उरलेले खोलीभर पसरून भिंती, ओटा, भांडी यांवर बसते. उघड्या कढईत पडणारा अंश अगदी नगण्य. वांगे, टोमॅटो, बटाटा यांत मुळातच किंचित निकोटिन असते. १९९३ च्या एका मोजणीप्रमाणे पाव किलो वांग्यात सुमारे २५ मायक्रोग्रॅम. तेव्हा धुक्याने आमटी विषारी होत नाही, हे निःशंकपणे सांगता येते.

भीती आहे ती द्रवाची. मिलीलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या द्रवाच्या एका थेंबात सुमारे १ मिलिग्रॅम निकोटिन येते. सुक्या रानअळंब्यांत निकोटिन आढळल्यावर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये वापरलेली दिवसाची सुरक्षित मर्यादा ६० किलो वजनाच्या माणसाला ०.०४८ मिलिग्रॅम भरते; एक थेंब तिच्या वीसपट. ही मर्यादा बरीच सावधपणे आखलेली असल्याने ती ओलांडताच विषबाधा होते असे नाही, पण लहान मुलाचे गणित वेगळे. शिजवल्याने सुटका होईल हा भरवसाही नको : निकोटिनचा उत्कलनबिंदू २४७ अंश सेल्सिअस आहे. अमेरिकेतील मिशिगनमध्ये २००३ साली खिम्यात निकोटिनयुक्त कीटकनाशक मिसळले गेले, तेव्हा ९२ जण आजारी पडले.

कर्नाटकाने २०१६ मध्ये आणि केंद्राने २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामुळे चोरून मिळणाऱ्या बाटलीवरच्या आकड्याची खात्री कोणी देत नाही. अन्नात तंबाखू वा निकोटिन घालण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई आहे; गुटखाबंदीला आधार मिळाला तो याच तरतुदीचा.

व्हेप ओट्यावर ठेवू नये, तिथे भरू तर मुळीच नये. द्रव हाताला लागल्यास साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नये. थेंब पडलेले अन्न टाकून द्यावे. मुलाच्या तोंडात द्रव गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.