आज्ञापत्रांतील आरमारप्रकरण व खलाशांचें रक्षण

आमच्या कर्वेनगरांतील एक शेजारी तरुण जहाजावरील नोकरीची तयारी करीत आहे. त्याच्या शिक्षणांत 'वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी' हा एक स्वतंत्र विषय आहे. १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार व त्याची १९९५ मधील दुरुस्ती यांस अनुसरून तो प्रत्येक दर्यावर्द्यास शिकावा लागतो. हा विचार आपल्याकडे पूर्वीं नव्हता, असें त्याचें म्हणणें पडलें. तें ऐकून रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमारप्रकरण मीं पुन्हां वाचलें.

इ. स. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथांतील सदर प्रकरण बहुधा युद्धनीतीसाठीं, नाहींतर आंबे-फणस न तोडण्याच्या आज्ञेसाठीं उल्लेखिलें जातें. दर्यावर चढलेल्या माणसाची काळजी हें त्याचें तिसरें अंग मात्र दुर्लक्षित राहिलें. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकतां त्यास मुलूख नेमून द्यावा, असें अमात्य सांगतात. कारण खर्च बंदरावर पडला कीं आरमारकरी सावकारास नाडणार व बंदर बुडणार. वारा किंवा गनीम भारी पडल्यास हट्टानें झुंजत न बसतां गलबतें आपल्या जंजिऱ्याच्या आश्रयास आणावीं, त्यांस व त्यांवरील लोकांस दगा होऊं देऊं नये. आधीं आरमार राखावें, मग शत्रू घ्यावा, असा त्यांचा क्रम आहे. पावसाळ्याची छावणी दर्या उसळण्यापूर्वींच करावी, आणि तीही दरसाल एकाच बंदरीं नव्हे. शिस्त कितीही असली तरी रिकाम्या खलाशांचा उपद्रव गांवकऱ्यांस होतोच, हें अमात्य जाणून होते. आमचा तरुण जिला सामाजिक जबाबदारी म्हणतो ती याहून वेगळी काय?

छावणीचा हा नियम केवळ लष्करी नव्हे, हें कोंकणास १७ जुलै १९४७ रोजीं पुन्हां शिकावें लागलें. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट ऐन आषाढांत काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. वांचलेल्यांपैकीं पुष्कळांस कोळ्यांनीं आपल्या होड्यांत घेतलें. कोणत्याही कराराचें कलम त्यांना कोणीं पढविलें नव्हतें.

नाव बुडाल्यावर भरपाई कोणीं करावी, हा प्रश्न तर फारच जुना. नाविकांच्या अपराधानें माल गेला तर त्यांनींच मिळून तो भरून द्यावा, दैवी आपत्तींत मात्र त्यांस दंड नाहीं, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. कौटिल्य याच्या वरची पायरी गांठतो. नावेवर पुरेसे लोक वा साधनें नसल्यानें, किंवा तिची डागडुजी न झाल्यानें ती बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें सोसावें, असें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सांगितलें आहे. मोठ्या नावेवर शासक, नियामक, कोयता व दोर सांभाळणारे आणि पाणी उपसणारे असावेत, हेंही तेथेंच. म्हणजे अशा अपघातास वल्हेकरी जबाबदार नसून त्यास फुटक्या नावेवर पाठविणारा अधिकारी जबाबदार. मला हा भेद फार मोठा वाटतो. अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास उजेडांत आली ती १९०५ मध्यें. तेव्हां अमात्यांनीं ती पाहिली होती, असें म्हणण्याचें धाडस कोणीं करूं नये. दर्याच तोच असल्यामुळें शहाणपणही जुळलें, इतकेंच.

आतां एक विनंती. रणांत पडलेल्यांच्या मुलांबाळांस मराठी राज्यांत बालपरवेशी मिळे. तुफानांत गेलेल्या खलाशाच्या घरासही ती मिळे काय, हें अस्सल कागदांवरूनच ठरवावें लागेल. अलिबाग, विजयदुर्ग, मालवण या बाजूच्या आरमाराच्या हजिऱ्या किंवा खर्चाच्या यादी ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या चाळतांना मयताच्या नांवापुढें काय लिहिलें आहे तें उतरून घ्यावें व त्रैमासिकाकडे पाठवावें.