फर-व्यापाराचे स्वयंसेवी इतिहास-निरूपण

उत्तर अमेरिकेतील फर-व्यापाराच्या जुन्या ठाण्यांवर त्या काळातील कामे, वस्तू व लोकजीवन यांची प्रात्यक्षिकांसह ओळख करून देण्याचा उपक्रम. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील ऐतिहासिक स्थळांवर पगारी कर्मचाऱ्यांच्या जोडीने स्वयंसेवक तो चालवितात.

बीव्हर या प्राण्याच्या मऊ केसांच्या नमद्यापासून केलेल्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. फर-व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीशी असलेली तिची स्पर्धा १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्यावर संपली. शिकार, कातडी तयार करणे, नावा बांधणे, अन्न पुरविणे व वाट दाखविणे या कामांसाठी व्यापारी स्थानिक आदिवासींवर अवलंबून होते.

मिनेसोटातील ग्रँड पोर्टेज येथे नॉर्थ वेस्ट कंपनीचे मुख्य ठाणे होते. मॉन्ट्रियलचा माल आणि वायव्येकडील कातडी यांची अदलाबदल तेथे उन्हाळ्यात होई. पिजन नदीवरील धबधबे टाळण्यासाठी नावाडी सुमारे १४ किमी. लांबीच्या वाटेने प्रत्येकी सुमारे ४० किग्रॅ. वजनाचे दोन गठ्ठे एका खेपेत पाठीवरून नेत. हे स्थळ १९५८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले. तेथे ऑगस्टमध्ये व्यापारी मेळाव्याचे पुनर्दर्शन घडते. त्याच सुमारास तेथील ओजिब्वे या आदिवासी लोकांचा पारंपरिक नृत्यमेळावाही भरतो. वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट व्हँकूव्हर या जुन्या ठाण्यावर लोहारकाम, स्वयंपाक व बागकाम यांची प्रात्यक्षिके होतात.

निरूपणाच्या दोन पद्धती आहेत. एकीत स्वयंसेवक त्या काळातील व्यक्ती म्हणून बोलतो. दुसरीत तो जुना पोशाख घालूनही आजचा माणूस म्हणून माहिती देतो; त्यामुळे नंतरच्या घटना व इतिहासकारांचे मतभेद सांगता येतात. पोशाख व अवजारांसाठी हिशेबवह्या, रोजनिशा, चित्रे आणि उत्खननात सापडलेल्या वस्तूंचा आधार घेतला जातो. जेथे पुरावा अपुरा असतो, तेथे तर्क हा तर्क म्हणूनच सांगणे हा या कामाचा आवश्यक दंडक होय.

पूर्वी या निरूपणात युरोपीय व्यापारी आणि नावाडी यांनाच प्राधान्य असे. आता स्त्रियांचे श्रम, मेती (युरोपीय व आदिवासी अशा मिश्र वंशाचा) समाज, फोर्ट व्हँकूव्हर येथील हवाईयन कामगार, तसेच रोगराईने आदिवासींची झालेली हानी हेही विषय मांडले जातात. ग्रँड पोर्टेजच्या व्यवस्थापनात ओजिब्वे समाज सहभागी आहे. वंशजांच्या अशा सहभागामुळे निरूपणाला केवळ करमणुकीपलीकडचे ऐतिहासिक मोल येते.