चिनी मातीच्या शोभावस्तू

चिनी मातीच्या शोभावस्तू : प्राणी, मानवाकृती, फळे इत्यादींच्या आकारात साच्यातून घडवून भाजलेल्या, झिलईदार संग्राह्य वस्तू. यूरोपात कठीण पोर्सलिनचा पहिला कारखाना माइसेन (जर्मनी) येथे १७१० मध्ये निघाला. भारतात भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर अकोला, बडनेरा ही ठाणी मुंबई बंदराशी जोडली गेली आणि अशा आयात मालाला वऱ्हाडची वाट मोकळी झाली (पहा : वऱ्हाड).

ओळख मुख्यतः तळावरून पटते. अमेरिकी कायद्याने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले. त्यामुळे जपानी मालावर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’, पुढे ‘जपान’ हा शिक्का आढळतो. भारतासाठी बनलेल्या मालावर तो असेलच असे नाही. नुसता शिक्काही पुरेसा नसतो. माइसेनच्या निळ्या तलवारींच्या शिक्क्याची नक्कल सर्रास झाली. म्हणून साच्याचा सांधा, तळाची बिनझिलईची कड व रंगकाम तपासतात. झिलईवरचा रंग हाताळणीने झिजतो, खालचा टिकतो (पहा : मृत्पात्री).

मूल्य दुर्मिळता, जोडीची पूर्णता व मागणी यांवर ठरते. केवळ जुनेपणाने नव्हे. तडा, कपचा व डागडुजीमुळे ते घटते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. तिची निर्यात खासगी व्यक्तीस करता येत नाही.